श्रुतींचा मागोवा : देवगिरी, सांगली, मैसूर

भरताच्या नाट्यशास्त्रातील अठ्ठाविसाव्या अध्यायात दोन वीणांचा एक प्रयोग सांगितलेला आहे. आकाराने, तारांनी आणि स्वरांनी सर्वस्वी समान अशा दोन वीणा घ्यावयाच्या. एक ध्रुव ठेवावयाची, दुसरी चल. चल वीणेवरचा पंचम एका श्रुतीने उतरवून मध्यमग्राम साधावयाचा व मग तो उतरलेला पंचम स्थिर धरून उरलेल्या तारा पुन्हा षड्जग्रामात आणावयाच्या, म्हणजे सारी वीणाच एका श्रुतीने खाली येते. असे दुसऱ्यांदा केले की चल वीणेचे गांधार-निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ-धैवतांत मिळून जातात. तिसऱ्यांदा ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांत. आणि चौथ्या सारणेस पंचम, मध्यम व षड्ज हे अनुक्रमे मध्यम, गांधार व निषाद यांत विलीन होतात. बावीस श्रुतींचा सगळा डोलारा या चार सारणांवर उभा आहे.

या वर्णनात एकही अंक-प्रमाण नाही. तारेची लांबी किती, पंचम नेमका किती उतरवावयाचा, याविषयी भरत मौन बाळगतो, कारण ज्याच्यासाठी तो लिहीत होता त्या वादकाच्या कानाला ते ठाऊकच होते. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. त्यानेही ध्रुव व चल अशा दोन वीणा मांडल्या, प्रत्येकीला बावीस तारा दिल्या, आणि प्रत्येक पुढची तार मागचीहून इतकीच किंचित उंच असावी की मध्ये तिसरा ध्वनी शिरू नये, असे सांगितले. शास्त्र म्हणून हे वाक्य सुंदर आहे, मोजमाप म्हणून मात्र निरुपयोगी. तेव्हा या विषयात हरवले काय, असे विचारले तर उत्तर असे द्यावे लागते की ग्रंथ हरवला नाही, प्रयोग हरवला नाही, त्या प्रयोगाचा साक्षी असलेला कान मात्र कालौघात गेला. नंतरच्या सर्व संशोधनाची धडपड त्या कानाच्या जागी दुसरा कोणी साक्षीदार उभा करण्याची आहे.

पहिला साक्षीदार पडद्यांची वीणा. विजयनगरच्या रामामात्याने १५५० मध्ये स्वरमेलकलानिधीत वीणेच्या पडद्यांची मांडणी केली आणि श्रुती प्रत्यक्षातून मागे सरून व्याख्येपुरती उरली. पडद्याला संदिग्धता चालत नाही. तो जिथे बसविला तिथे स्वर. याच परंपरेतला पुंडरीक विठ्ठल हा पुढच्या मैसूर राज्यातल्या शिवगंगेच्या परिसरातून निघून खानदेशात बुऱ्हाणखान फारुकीच्या आश्रयाला आला व तेथे त्याने सद्रागचंद्रोदय लिहिला. दक्षिणेची वीणाविद्या अशी तापीच्या काठी उत्तरेच्या रागांना येऊन भेटली. मराठी संगीतेतिहासात या प्रवासाला मिळावी तेवढी जागा मिळालेली नाही.

दुसरा साक्षीदार तारेची लांबी. सतराव्या शतकातील अहोबलाच्या संगीतपारिजातात स्वरस्थाने तार विभागून सांगितली आहेत. षड्ज आणि तारषड्ज यांच्या बरोबर मध्यावर मध्यम. त्याच अंतराचे तीन भाग केले की पहिल्या दोन भागांच्या शेवटी पंचमाचा निर्णय होतो. भातखंड्यांनी तार ३६ इंचांची मानून हे गणित मांडले : मध्यम २७ इंचांवर, पंचम २४ वर, आणि षड्ज-पंचमांच्या मध्यावरचा अहोबलाचा शुद्ध गांधार ३० वर. ३६ ला ३० ने भागले की ६/५ हे प्रमाण येते, आणि तो आपला आजचा कोमल गांधार होय. ‘शुद्ध’ या शब्दाचा अर्थ मधल्या काळात किती सरकला, हे एका भागाकारात दिसते.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची १९०४ ची दक्षिणयात्रा हा या शोधातला सर्वांत जिवंत भाग. मुंबईचा हा वकील पदरचे पैसे खर्चून गावोगावच्या पंडितांच्या दारी गेला. एट्टयापुरम येथे सुब्बराम दीक्षितारांकडून त्याला व्यंकटमखीच्या चतुर्दंडिप्रकाशिकेची प्रत लाभली. तंजावरच्या नायकांच्या काळातला हा ग्रंथ. पुढे त्याच गादीवर बसलेल्या भोसल्यांपैकी तुळजाजीने संगीतसारामृतात त्याचा आधार घेतलेला आहे. म्हणजे मराठी राजाने जे वाचले ते मराठी विद्वानाला पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा शोधावे लागले! त्या सुमारास मैसूरमध्येही हेच चालले होते. चामराजपुरमच्या वस्तीलगतच्या प्राच्य ग्रंथालयात, १८९१ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत, शामशास्त्रींच्या हाती १९०५ मध्ये कौटिल्याचे अर्थशास्त्र लागले. ताडपत्रांच्या गठ्ठ्यांत काय दडले असेल याचा नेम नाही, ही त्या पिढीची श्रद्धा अशा अनुभवांतून आलेली होती.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी वेगळी वाट धरली. निवृत्त डेप्युटी कलेक्टर असलेल्या देवलांनी पोथीऐवजी तार ताणली. अब्दुल करीमखाँसारख्या गायकाच्या स्वरांची तारेशी पडताळणी करून १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी नोकरीतले अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि त्या सिद्धांतावर श्रुति-हार्मोनियम तयार झाले. त्यामागील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० धरली तर ५/४ या प्रमाणाचा गांधार ३०० होतो, ८१/६४ या प्रमाणाचा ३०३.७५, आणि बाजारच्या समविभागी पेटीचा सुमारे ३०२.४. पहिल्या दोहोंतले ८१/८० चे अंतर म्हणजे देवलांच्या मते भरताची प्रमाणश्रुती. कानाला ते कळते काय? स्थिर स्वरात निश्चित कळते. तंबोऱ्याच्या खर्जात स्वयंभू गांधार घुमत असतो; ३०० चा गांधार त्यात विरघळतो, ३०३.७५ चा त्याच्याशी भांडतो.

१९१६ च्या मार्चमध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत देवल-क्लेमंट्स पक्ष आणि भातखंडे समोरासमोर आले. भातखंड्यांचा आक्षेप सरळ होता : भरत-शार्ङ्गदेवांनी प्रमाणे दिलेलीच नाहीत, तेव्हा आधुनिक ध्वनिशास्त्राचे अपूर्णांक त्यांच्या नावावर खपवू नयेत. हा आक्षेप अखंडनीय आहे. परंतु त्याच्या भरात देवलांचे मोजमापही अडगळीत गेले, हे न्याय्य झाले नाही. प्राचीनांच्या संदर्भात देवल चुकले असतील. तथापि आपल्या काळच्या एका थोर गळ्याला तारेशी ताडून पाहण्याची त्यांची कल्पना त्यांच्या प्रतिपक्षाला सुचली नव्हती.

ती पुढे दुसऱ्यांनी उचलली. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या जवारीची मीमांसा करून, ज्या बिंदूवर तार छेडली तेथे ज्यांचा निस्पंद पडतो असे उपस्वरही या वाद्यात ऐकू येतात, हे दाखविले. १९६३ मध्ये जैरजभॉय आणि स्टोन यांनी हिंदुस्थानी गायनवादनातील स्वर प्रत्यक्ष मोजले, तेव्हा कलावंतागणिकच नव्हे तर एकाच कलावंताच्या एकाच मैफलीतही स्वराची जागा हलती आढळली. मींड व आंदोलन यांनी वेढलेल्या स्वराला एक अपूर्णांक चिकटविणे हे वाहत्या पाण्याला खुंटी मारण्यासारखे आहे. श्रुती ही जागा नसून पट्टा आहे, असे मानले तर देवल आणि भातखंडे या दोघांच्याही म्हणण्यातील बरेच काही शिल्लक राहते.

पोथ्यांचे कामही थांबले नाही. मैसूरचे रा. सत्यनारायण (१९२७–२०२०) यांनी पुंडरीक विठ्ठलाचा नर्तननिर्णय आणि व्यंकटमखीची चतुर्दंडिप्रकाशिका हे दोन्ही ग्रंथ संपादिले. खानदेशात गेलेला पुंडरीक असा संपादित होऊन पुन्हा कानडी मुलखात पोहोचला. चतुर्दंडिप्रकाशिकेच्या दहा प्रकरणांत वीणेचे प्रकरण पहिले आहे आणि पडदे कोठे बसवावेत याची चर्चा त्यात सुरक्षित आहे. दहावे, तालाचे, प्रकरण मात्र आजही सापडलेले नाही.