हृदयातील विद्युतलहरींचा नकाशा

हृदयविकाराच्या झटक्यात अनेक रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात. रक्तपुरवठा तुटल्यावर हृदयाची लय बिघडणे, हे त्याचे एक प्रमुख कारण. ही पहिली मिनिटे रुग्णाच्या शरीरात तपशिलाने अभ्यासता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते.

जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑस्कर लँगेनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये सस्तन प्राण्याचे हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्याची पद्धत मांडली. महाधमनीतून उलट दिशेने सोडलेले द्रव हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरते. आज या कामी प्राणवायुयुक्त क्षारद्रावण वापरतात. एखादी धमनी बांधली, की तेवढ्याच भागाचा पुरवठा थांबतो.

नोंद दोन प्रकारे होते. एक, पृष्ठभागावर अनेक इलेक्ट्रोड बसवून; दुसरी, पेशीपटलावरील विद्युतदाबानुसार चकाकी बदलणारे रंगद्रव्य वापरून व वेगवान कॅमेऱ्याने चित्रे टिपून. दुसऱ्या प्रकारात आकुंचन बहुधा औषधाने थांबवतात, अन्यथा हालचालीमुळे नोंद बिघडते.

पुरवठा तुटलेल्या भागात पेशींबाहेर पोटॅशियम साचते आणि लहर मंदावते. कडेला अडलेली लहर वळसा घालून परत येते, तिचे भोवरे बनतात आणि हृदयाचे खालचे कप्पे नुसतेच थरथरू लागतात. ईसीजी या साऱ्याची बेरीज दाखवतो. लहर कोठे अडली, हे नकाशा सांगतो. लय सावरणाऱ्या नव्या औषधांची पारख करतानाही त्याचा उपयोग होतो.