टाकी न घेणाऱ्या बायका



मागच्या महिन्यात आमची बैठक किनाऱ्यालगतच्या एका वाडीत होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली आणि बायका पडवीत चहा घेत बसल्या. समोरून पर्यटकांची बोट चालली होती. अंगात काळे रबरी कपडे, पाठीला टाकी. आमच्यातल्या एक मावशी ओहोटीला मुळे आणि कालवं काढतात, त्यांचा जन्म त्यातच गेला. त्यांनी विचारलं, "त्या टाकयेत काय आसता गो?" मी बीए झालेली, लगेच म्हटलं, "ऑक्सिजन." घरी येऊन वाचलं तर मी साफ चुकले होते. पर्यटकांच्या टाकीत बहुतेक वेळा साधी हवाच असते, आपण घेतो तीच, फक्त दाबून भरलेली. म्हणून आज आधी चूक दुरुस्त करते आणि मग त्या वाचनात सापडलेल्या बायकांची हकिगत सांगते.

हे स्कूबाचं यंत्र तयार झालं 1943 साली, फ्रान्समध्ये. दुसरं महायुद्ध चालू होतं, देश जर्मनांच्या ताब्यात होता, पेट्रोल मिळत नव्हतं. एमिल गान्यां नावाच्या इंजिनियरने मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप बनवली होती. नौदलातले अधिकारी झाक कुस्तो यांना पाण्याखाली मोकळं फिरायचं होतं. दोघांनी मिळून तीच झडप हवेच्या टाकीला जोडली. माणूस श्वास ओढेल तेवढीच हवा ती सोडते. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरच्या रेग्युलेटरचा हा चुलतभाऊच म्हणायचा. पुढे ही टाकी जगभर गेली. आता हौशी लोक बेटांवर सुट्टीला जातात, छोट्या कयाकला टाकी बांधून स्वतःच वल्हवत जातात, नांगर टाकतात आणि पाण्यात उतरतात.

पण दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर शेकडो वर्षं पाण्याखाली जाऊन कमावणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांनी ही टाकी घेतलेली नाही. त्यांना हेन्यो म्हणतात, म्हणजे समुद्राच्या बायका. नुसता श्वास रोखून त्या दहा मीटरपर्यंत खाली जातात. एक-दीड मिनिटात खडकाला चिकटलेले अबलोनी नावाचे मोठे शिंपले, शंख, समुद्री गवत काढून वर येतात. वर आल्यावर कोंडलेला श्वास सोडताना शीळ घातल्यासारखा आवाज होतो. त्या आवाजाला त्यांच्या भाषेत वेगळं नाव आहे, सुंबिसोरी. त्यावरून कोण वर आली, कोण अजून खाली आहे, हे शेजारणीला कळतं.

त्यांचं कयाक म्हणजे भोपळा. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधायचे, आठवतंय ना? तसाच वाळवलेला भोपळा त्या पाण्यावर सोडत, त्याखाली जाळी लटकवत. दमलं की त्यावर छाती टेकून विसावा घ्यायचा, माल जाळीत टाकायचा. आता भोपळ्याच्या जागी थर्माकोलसारखा गोळा आला आहे, काम तेच.

हे काम आधी पुरुषांचं होतं. अबलोनी राजदरबारात नजराणा म्हणून द्यावे लागत आणि तो भार एवढा होता की पुरुष बेट सोडून पळू लागले. 1629 साली राजाने बेट सोडून जायलाच बंदी केली, ती जवळपास दोनशे वर्षं टिकली. पुरुष कमी झाले, नजराणा काही कमी झाला नाही, आणि भार बायकांच्या अंगावर आला. म्हणजे सुरुवात काही कौतुकाने झालेली नाही. कमाई हातात आली ती फार नंतर.

1910 मध्ये कोरियावर जपानचं राज्य आलं. 1920 साली हेन्योंची एक संस्था उभी राहिली, व्यापाऱ्यांनी त्यांना लुबाडू नये म्हणून. पण पुढे तिचा अध्यक्ष बेटाचा जपानी कारभारीच झाला. माल कोणाला विकायचा, काय भावाने, हे संस्था ठरवू लागली आणि वर्गणी मात्र बायकांकडून. संस्था आपल्या नावाची आणि शिक्का दुसऱ्याच्या हातात, यावर तुम्हाला वेगळं सांगायला नको. हादो गावातल्या काही तरुण हेन्यो रात्रीच्या शाळेत लिहायला-वाचायला आणि हिशेब शिकल्या होत्या. बू चुन-ह्वा, किम ओक-र्योन, बू दोक-र्यांग या त्यांतल्या. 12 जानेवारी 1932 ला सेह्वा गावच्या बाजाराच्या दिवशी बायका जमल्या आणि त्यांनी त्या कारभाऱ्याची मोटारच अडवली. अंगात पाण्यात जायचे कपडे, हातात कामाची हत्यारं. नंतर धरपकड झाली, या तिघींनी तुरुंग भोगला. आज त्याच भागात हेन्योंचं संग्रहालय आहे.

मला मात्र सगळ्यात जास्त आवडले ते त्यांचे रोजचे नेम. किनाऱ्यावर दगडांचा गोल आडोसा असे, मध्ये शेकोटी. पाण्यातून आल्यावर तिथे शेकायचं, कपडे बदलायचे, आणि बैठकही तिथेच. तयारीप्रमाणे तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात जाणत्या बायकांची जागा धूर न येणाऱ्या बाजूला. कोणत्या महिन्यात काय काढायचं नाही, केवढ्याहून लहान शिंपला उचलायचा नाही, हे गावाच्या संघटनेत ठरतं. काही गावांत किनाऱ्याचा एक तुकडा शाळेसाठी राखलेला असे. तिथली कमाई शाळेला. आणि उथळ पाणी म्हाताऱ्या बायकांसाठी. त्याला 'आजीचा समुद्र' असंच नाव आहे. तरण्या बायकांनी तिथे हात घालायचा नाही.

1970 च्या दशकात रबरी कपडे आले. आधी सुती कपड्यांत थंडीच्या दिवसांत लवकर बाहेर यावं लागे, आता तासन् तास काम होऊ लागलं. कमाई वाढली, तशी डोकेदुखी आणि कानाची दुखणीही. टाकीला मात्र नकारच राहिला. टाकी असली की एकटी बाई दिवसभर खाली राहून सगळ्यांचा माल उचलेल. श्वास संपला की वर यावंच लागतं, त्यामुळे समुद्रात काहीतरी शिल्लक राहतं.

2016 साली युनेस्कोने हेन्योंच्या या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मान मिळाला, माणसं मात्र आटत चालली आहेत. 1960 च्या दशकात वीस हजारांहून जास्त हेन्यो होत्या, आता तीन हजारही नाहीत, आणि बहुतेक साठीच्या पुढच्या. मुलींना आयांनीच शिकवून शहरात पाठवलं. त्यांना दोष कसा देणार? काम जिवावरचं आहे, आजही पाण्यात मृत्यू होतात.

परवाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मावशींनी टाकीचं ऐकून घेतलं, कारभाऱ्याच्या मोटारीला हसल्या. आजीच्या समुद्राचं सांगितलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "आणि आमच्या मुळ्यांच्या जाग्यार असो नेम कोण घालतलो?" पुढच्या बैठकीच्या विषयांत मी तो प्रश्न लिहून घेतला आहे.