वेड पांघरून पेडगांवास

वेड पांघरून पेडगांवास जाणें, ह्या म्हणीचा अर्थ मराठी वाचकांस सांगावयास नको. म्हणींतील पेडगांव भीमातीरींचें समजतात. आम्ही येथें त्याच नांवाचें परभणीनजीकचें गांव मनांत धरलें आहे. तेथील शाळकरी मुलाच्या हातीं आज तळहाताएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पडूं शकतो, आणि विद्युत्शास्त्राचें ओ कीं ठो कळत नसतां तो त्यावर दिवा लुकलुकवूं शकतो. अज्ञानावर पांघरूण घालणारी ही सोय इष्ट कीं अनिष्ट, ह्याचें उत्तर तिच्या इतिहासांत सांपडतें.

हा इतिहास पन्नास वर्षांहून थोडाच अधिक आहे. सन १९७४ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची टीएमएस १००० ही चिप बाजारांत आली. तींत गणक व स्मृति एकाच घरांत नांदूं लागलीं. इंटेलची १९८० ची ८०५१ पुढें आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ठाण मांडून बसली. परंतु ही जात तज्ज्ञांची. आज्ञावली भरण्यास निराळें यंत्र लागे; कित्येक चिपांतील जुनी आज्ञावली पुसावयाची तर त्यांच्या कांचेच्या खिडकीवर अतिनील किरणांचा दिवा धरून बसावें लागे. चूक करणें महाग होतें, आणि ज्याला चुकण्याची सोय नाहीं त्याला शिकण्याचीही नाहीं.

ही अडचण इटलींतील इव्रेआ गांवच्या एका कलासंस्थेनें दूर केली. तेथील कोलंबियन विद्यार्थी एर्नान्दो बारागान ह्यानें सन २००३ मध्यें 'वायरिंग' नामक सोपा बोर्ड रचला. २००५ सालीं मास्सिमो बान्झी व त्याचे सहकारी ह्यांनीं त्याच वाटेनें 'आर्डुइनो' काढला. अकराव्या शतकाच्या आरंभीं इटलीच्या गादीवर बसलेल्या राजाचें हें नांव गांवांतील एका मद्यगृहास होतें. तेथून तें बोर्डास आलें. त्याचे नकाशे सर्वांस खुले ठेवले, ही त्याची खरी थोरवी. पांघरूण घातलें खरें, पण तें उचलून पाहण्याची मुभाही दिली.

महाराष्ट्रांत ह्या विचाराची भूमि आधींच नांगरलेली होती. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. हातानें काम करतां करतां शिकावें, हें त्यांचें सूत्र. सन २००२ मध्यें, म्हणजे आर्डुइनोच्याही आधीं तीन वर्षें, एमआयटीच्या सहकार्यानें तेथें जगांतील अगदीं आरंभीच्या फॅब लॅबपैकीं एक उभी राहिली. पुढें २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेनें असे बोर्ड सहावी ते बारावीच्या मुलांपुढें ठेवले.

आतां पेडगांवच्या मुलाकडे वळूं. दिव्याच्या आज्ञावलींत १००० हा आंकडा असतो. तो सेकंदाचा हजारावा भाग मोजतो. मुलानें तेथें २०० घालून पाहावें. पांघरुणाची पहिली कड तेथें उचलली जाते. पुढें तो मातींतील ओलावा मोजणारी कांडी जोडील. साध्या आर्डुइनोवर ० ते १०२३ मधील कोणता तरी आंकडा उमटेल. पण ६०० म्हणजे ओल कीं कोरड? हें बोर्डास ठाऊक नाहीं. त्यासाठीं शेतांतील काळी माती वाळवून तोलावी लागते, मोजून पाणी घालून पुन्हा तोलावी लागते, आणि प्रत्येक वेळचा आंकडा टिपून ठेवावा लागतो. दुसऱ्याच्या तांबड्या मातीवरून ठरलेला आंकडा उसना घेऊन पंप चालविला, तर बोर्डाचें कांहीं बिघडणार नाहीं; पीक मात्र वाळेल किंवा सडेल.

म्हणून ह्या सोयीस नांवें ठेवणें आम्हांस मान्य नाहीं, आणि लुकलुकता दिवा पाहून शिक्षण झालें असें मानणेंही नाहीं. वेड पांघरून निघावयास हरकत नाहीं. मुक्कामीं पोंचल्यावर मात्र तें उतरवून ठेवलें पाहिजे.