वाटेवरचा वाघोबा : दगडात कोरलेला देव, त्यामागची कथा आणि त्याचं जतन

पालघर, डहाणू, जव्हार, विक्रमगड, तलासरी भागात पाड्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला, मोठ्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळी दिसते. त्यावर वाघ कोरलेला असतो, वर चंद्र-सूर्य, कुठे सोबत नागही. हाच वाघोबा, कोणी वाघदेव म्हणतात. आपण रोज त्याच्यावरून जातो, पण माहिती थोड्यांनाच आहे.

कथा काय आहे?

वारली समाजात ही कथा तोंडी चालत आली आहे. पाड्यापाड्यावर तपशील बदलतो, गाभा एकच. एका बाईला मुलगा झाला. तो रूप बदलून वाघ व्हायचा आणि गावातली गुरं मारायचा. लोक चिडले, त्याला मारायला उठले. तेव्हा आई मध्ये पडली. शेवटी करार झाला : गावाने वाघाला जागा द्यायची, वर्षातून एकदा मान द्यायचा आणि वाघाने माणसं-गुरं राखायची. त्या कराराची खूण म्हणजे हा दगड.

पूजा कधी होते?

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. भगत पूजा सांगतो, नारळ फुटतो, कोंबडा किंवा बकरा दिला जातो. वारल्यांसोबत कोकणा, मल्हार कोळी, कातकरी हे समाजही वाघोबाला मानतात.

किती ठिकाणी आहे?

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर मिळून वाघोबाची सुमारे 150 ठाणी नोंदवली गेली. मुंबईत वाघोबा? हो. माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी जिथून सुरू होते, त्या आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला आजही वारली पाडे आहेत आणि तिथे वाघोबा पुजला जातो. गोव्यात वाघ्रो देवाच्या दगडी मूर्ती आहेत. सुंदरबनात बोनबीबी आणि दक्षिण राय यांची कथाही जंगल वाटून घेण्याचीच आहे.

वाघ गेला, बिबट्या राहिला

आपल्या भागात आता पट्टेरी वाघ नाही. बिबट्या आहे, आणि जुनी माणसं त्यालाही वाघच म्हणतात. वाघोबावर श्रद्धा असली म्हणजे बिबट्या गुरं मारत नाही असं नाही. गोठा बंदिस्त ठेवा, अंधारात मुलांना एकटं सोडू नका. बिबट्या दिसला तर घेराव घालू नका, वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. गुरं मारली गेली तर जनावर हलवू नका, लगेच वनरक्षकाला सांगा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते.

रस्ता आला तर?

खरी अडचण इथे आहे. रुंदीकरणात जेसीबी आला की झाडाखालचा दगड ढिगाऱ्यात जातो. सरकारी कागदावर नोंद नसेल तर तो ठेकेदाराला फक्त दगड वाटतो. काही ठिकाणी भक्तीपोटी फरशा आणि ऑइलपेंट लावतात, त्यानेही जुनं कोरीवकाम बुजतं.

पेसा कायदा (1996) ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार देतो. वनहक्क कायदा (2006) यातही सांस्कृतिक वारसा राखण्याची तरतूद आहे. म्हणून काम सुरू होण्याआधीच एवढं करा :

• मोबाईलवर लोकेशन चालू ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा.
• उंची-रुंदी मोजा, झाडाचं नाव लिहा.
• गावातल्या जाणत्या माणसाकडून कथा रेकॉर्ड करून घ्या.
• ग्रामसभेत ठराव घेऊन ठाण्याची नोंद करा, प्रत ग्रामपंचायतीकडून घ्या.
• दगड हलवायचाच झाला तर भगत आणि गावकऱ्यांच्या संमतीने, नवी जागा ठरवूनच हलवा.

वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. भिंतीवरची कला जगात पोचली. वाटेवरचा दगड मात्र गावानेच राखायचा आहे.