रक्तदान व रक्तसंक्रमण : नैतिक प्रश्न (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

दात्याची संमती, रुग्णाची सुरक्षितता आणि रक्तामागचा पैसा यांतून उद्भवणारे प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालामुळे 1 जानेवारी 1998 पासून भारतात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे. रक्तपेढी आकारते तो फक्त प्रक्रियेचा खर्च. 2022 च्या केंद्रीय सूचनेनुसार लाल पेशींच्या पिशवीस सरकारी पेढीत कमाल 1,100, खासगी पेढीत 1,550 रुपये.

बंदीने उघड विक्री थांबली तरी सक्ती उरली. निपाणी-खानापूरकडचा रुग्ण बेळगावला दाखल झाला, की नातेवाइकांना अनेकदा ‘दोन डोनर बघा’ असे सांगितले जाते. भिडेखातर आलेला भाचा मग जुनी कावीळ सांगत नाही. संसर्ग ताजा असेल तर चाचणीतही काही काळ तो दिसत नाही, त्यामुळे दात्याचे खरे उत्तर फार मोलाचे. यासाठी रक्तदानापूर्वीची प्रश्नावली त्याच्या भाषेत हवी. घरीदारी मराठी बोलणाऱ्याने कानडी-इंग्रजी फॉर्मवर न समजता केलेली सही संमती ठरत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा इथे संबंध नाही. रुग्णाच्या जिवाचा आहे.

2017 च्या दाता-निवड सूचनांनी तृतीयपंथी व देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना सरसकट वगळले. त्याला 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जिल्हा असलेल्या बेळगावात, देवदासी म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईला वर्तन न विचारताच बाजूला काढले जाण्याचा धोका उघड आहे. याउलट ब्रिटनने 2021 पासून समलिंगी पुरुषांवरील सरसकट निर्बंध काढून प्रत्येक दात्याचे वर्तन तपासण्याची पद्धत स्वीकारली.

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न रक्तक्षयाचा. शिबिरात बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. बुडाला तर हिमोग्लोबिन 12.5 च्या वर, म्हणजे दाता पात्र; तरंगला तर परत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019–21) देशातील 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. निपाणीत दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी बाई शिबिराला येते, थेंब तरंगतो आणि ‘मावशी, तुमचं चालणार नाही’ एवढे ऐकून ती निघते. रक्त कमी आहे हे तिला कदाचित पहिल्यांदाच कळलेले असते. हिमोग्लोबिन नीट मोजून तो आकडा लिहिलेली चिठ्ठी, लोहाच्या गोळ्या आणि आरोग्य केंद्राचा पत्ता तिच्या हाती देणे, हे पिशवी भरण्याइतकेच शिबिराचे काम आहे.