बिब्बा : परिटाची शाई आणि पोळलेले हात

पश्चिम आशियाच्या स्वयंपाकघरात आंबटपणासाठी आणि चर्मोद्योगात कातडी कमावण्यासाठी सुमाक हे झुडूप शतकानुशतके वापरात आहे. गडचांदूरजवळच्या माणिकगडाच्या डोंगरांत मात्र त्याचा चुलतभाऊ भेटतो, तो बिब्बा. दोघांचे कुळ एकच : आंबा, काजू आणि चारोळी याच कुळातील.

बिब्ब्याच्या कवचात दाट, जळजळीत तेल असते. परीट सुईने ते टोचून कपड्याच्या कोपऱ्यावर खूण काढी आणि वर चुना लावी. चुन्याच्या संयोगाने ती काळीभोर होई; मग भट्टीत कितीही उकळा, ती जात नसे. इंग्रजांनी या फळाला ‘मार्किंग नट’ म्हटले ते यामुळेच.

हे तेल उरुशिऑल वर्गातील आहे. हे नाव जपानी ‘उरुशी’ या लाखेवरून आले, आणि त्या लाखेचे झाड पूर्वी सुमाकच्याच प्रजातीत गणले जाई. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर फोड उठू लागले. 1943 मध्ये लष्करी डॉक्टरांनी कारण शोधले : धुऊन आलेल्या कपड्यांवरची परिटाची खूण! (विदर्भातल्या कोणत्याही आजीने हे निदान क्षणात केले असते.)

बिब्बा उततो, हे आपल्याकडे पूर्वापार ठाऊक होते. चरकसंहितेत भल्लातकाची रसायने आहेत, पण तो अग्नीसारखा तीक्ष्ण असल्याचा इशाराही आहे. चालत्या कामात ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार याच अनुभवातून आला असावा. दारावरच्या लिंबू-मिरचीच्या माळेत बिब्बा ओवतात, तोही दृष्ट पोळून काढण्यासाठीच.

फळाखालचा केशरी, मांसल देठ मात्र गोड असतो. तो वाळवून खातात. कवचातल्या बीला गोडंबी म्हणतात. थंडीत आणि बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांत ती हमखास पडते. पण गोडंबी मिळवायची तर एकेक बिब्बा फोडावा लागतो. हे काम विदर्भात मुख्यतः स्त्रिया करतात. हाताला राख किंवा तेल चोपडले तरी बोटे काळी पडतात, कातडी सोलते, कवचातली चिळकांडी चेहऱ्यावरही उडते. वैद्यक आणि वनस्पतिशास्त्राने बिब्ब्यावर भरपूर लिहिले. या हातांबद्दल फारच थोडे.

वर्धा नदीपलीकडच्या ब्रिटिश चांदा जिल्ह्यात 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातून असे फळ आणणे हा हक्क न राहता सरकारी सवलत झाली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी वननिवासींची मानली आणि 2009 मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. फळ आता गोळा करणाऱ्याचे आहे. ते फोडण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी अजून जुनीच : दगड, राख आणि उघडे हात.