एका निवेदनाची गोष्ट

आपल्या वेळी इतिहासाच्या पुस्तकात हंटर आयोग दोन ओळींत आटोपायचा. साल १८८२, एका गुणाचा प्रश्न, पुढे चला! महात्मा फुल्यांनी त्या आयोगाला दिलेलं निवेदन मी निवृत्तीनंतर प्रथमच पूर्ण वाचलं. वाटलं, हे तर पत्रलेखनाच्या तासाला शिकवायला हवं होतं. (मराठीच्या बाईंनी रागावू नये.)

निवेदनावर तारीख आहे १९ ऑक्टोबर १८८२. सही करताना त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी ओळख दिली आहे. आपला अनुभव पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे, हे ते आधीच सांगून टाकतात. त्यामुळे पुढचं सगळं खरं वाटतं. मग हिशेब मांडतात: महसूल रयतेच्या घामाचा, खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आणि मागण्या किती नेमक्या! निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये पगार द्या, मोठ्या गावात १५ किंवा २०. शिक्षक असा हवा की वेळ पडली तर नांगर धरेल, वाकस चालवेल, लोकांत मिसळेल. मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतीची आणि आरोग्याची माहितीही शिकवा. बहुसंख्य रयतेला मताचा अधिकार नव्हता, तेव्हाचं हे लेखन आहे.

आयोगाने सक्ती मान्य केली नाही. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला.

हे आत्ता लिहिण्याचं कारण असं, की शाळेतल्या रिक्त शिक्षकपदांबद्दल आमदारांना पत्र द्यायचं आपण ठरवलं आहे आणि मसुदा माझ्याकडे आहे. आलेल्या सूचनांत ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य बरेचदा आहे. आकडा एकही नाही. तेव्हा ज्यांची नातवंडं आज तिथे शिकतात, त्यांनी कोणत्या वर्गाला कोणत्या विषयाचा शिक्षक किती महिन्यांपासून नाही, एवढं मला कळवावं. सह्यांचं बघू नंतर.